चकतीएवढी जागा

घाटाच्या पायथ्याशी, जिथे वस्ती संपून रान सुरू होते, तिथे एकदा एक वृद्ध कारागीर राहत असत. बंदुका दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. लोक त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य काम शिकत होता. तात्यांचा एकुलता मुलगा हयात नाही, एवढेच शिष्याला ठाऊक होते. तो कसा गेला हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि तात्यांच्या चेहऱ्याकडे पाहून विचारण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते.

एके सकाळी एक व्यापारी नवी रायफल आणि एक विजेरी घेऊन आला. त्याने केळीची बाग केली होती आणि रानडुकरे तिचे कंद उकरून टाकत होती. अंधारात एका हातात बंदूक आणि दुसऱ्यात बॅटरी धरून नेम लागत नाही, तेव्हा दोन्ही एकत्र बसवून द्या, संध्याकाळी नेतो, असे सांगून तो गेला.

शिष्याने उत्साहाने आपला विचार मांडला. विजेरी वर बसवली तर नेम धरताना डोळ्यापुढे येईल. बाजूला बसवली तर झुडपांत अडकेल. नळीखाली बसवावी, म्हणजे तिची कळ डाव्या अंगठ्याशी येईल. तात्यांनी मान डोलावली आणि विजेरी नळीखाली पकडीत बसवली. मग त्यांनी जाड कातड्याची एक चकती कापली, पुढच्या बाजूने नळी आणि विजेरी यांच्यामध्ये सारली, आणि स्क्रू आवळून टाकले.

कामाच्या खोलीला लागून एक लांबट, अंधारी कोठी होती. तिथे शिष्याने तपासणी केली. मागचा बोल्ट, म्हणजे गोळी उडवणारा भाग, काढून नळीतून पाहिले तर समोरच्या भिंतीवरची खूण बरोबर दिसत होती. उजेड मात्र तिच्याखाली हातभर अंतरावर पडला होता. काम उघड उघड वाकडे होते. तात्यांची नजर गेली, असे त्याच्या मनात आले आणि त्याला फार वाईट वाटले. तात्यांना न सांगताच त्याने रायफल बाकावर आणून ठेवली.

संध्याकाळी व्यापारी आला तेव्हा तात्या मागच्या अंगणात हात धूत होते. व्यापाऱ्याने रायफल कोठीतल्या खुणेकडे रोखून विजेरीची कळ दाबली आणि तो हसला.

“काय रे, तुझ्या तात्यांना उंदीर मारायचेत का? उजेड जमिनीवर, गोळी आभाळात. म्हातारपणी नजर जाते, त्यात लाज कसली. राहू दे, मी शहरातून करून आणतो.”

शिष्याला ते लागले, कारण सकाळी तोही मनात हेच म्हणाला होता. ही गोष्ट चार ठिकाणी बोलली गेली तर गुरूच्या आयुष्यभराच्या नावाला बट्टा लागेल. त्याने घाईने स्क्रू सैल केले, चकती काढली आणि उजेड खुणेवर आणून ठेवला. व्यापारी म्हणाला, आता कसं.

तात्या ओल्या हातांनी आत आले. बाकावर पडलेली चकती त्यांनी पाहिली. ते रागावले नाहीत. रायफल रिकामी असल्याची खात्री करून त्यांनी बोल्ट काढून घेतला, तो मुठीत धरला आणि कोठीच्या दूरच्या टोकाकडे चालू लागले. जाता जाता शिष्याला म्हणाले, मी सांगितलं की कोपऱ्यात काय आहे ते उजेडात बघ.

कोठीत काळोख होता. हाक आली तशी शिष्याने रायफल उचलून विजेरीची कळ दाबली. कोपऱ्यात तात्या उकिडवे बसले होते. उजेड त्यांच्या कपाळावर पडला होता, आणि नळीही त्यांच्या कपाळावरच रोखलेली होती. शिष्याने चटकन रायफल खाली घेतली.

“आता चकती घाल,” तात्या तिथूनच म्हणाले.

त्याने चकती घातली. पुन्हा उजेड तात्यांच्या चेहऱ्यावर धरला, तेव्हा नळी त्यांच्या डोक्याच्या वर, भिंतीकडे होती.

“नेम धर.”

शिष्याने अगदी नाइलाजाने नळी खाली आणली. तसा उजेड चेहऱ्यावरून घसरला, गुडघ्यांवरून उतरला आणि तात्यांच्या झिजलेल्या चपलांवर येऊन थांबला.

मग तात्या सावकाश उठले.

“डुकराला खूर असतात. माणसाच्या पायात चपला असतात,” ते म्हणाले. “आमचा जयवंत रात्री वासराला शोधायला गेला होता. कुंपणाखाली वाकला होता. डुक्कर समजून गोळी झाडणारा त्याचाच मित्र. त्याच्या बंदुकीवर बॅटरी अगदी सरळ बसवलेली होती, कामात खोट नव्हती. उजेड पडला आणि गोळी सुटली. नंतर तो मित्र माझ्या पायांशी बसून म्हणाला, तात्या, मला त्याचा सदरा दिसला होता. खोटं नाही बोलला तो. सदरा त्याला दिसला, पण दिसेपर्यंत बोट दाबून झालं होतं. बघणं आणि मारणं एका रेषेत बांधलं की मधे माणसाला जागा उरत नाही. मी तेवढी जागा ठेवतो.”

जयवंत हे नाव शिष्याने त्या घरात पहिल्यांदाच ऐकले.

व्यापारी खाली पाहत होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, “पण तात्या, तेवढ्यात डुक्कर पळून जाईल.”

“जाईल,” तात्या म्हणाले. “केळी पुन्हा लावता येतात.”

व्यापाऱ्याने रायफल शिष्यापुढे केली आणि चकती निघणार नाही अशी घट्ट बसवून दे म्हणाला. शिष्याने स्क्रू आवळायला घेतले. त्याला नीट दिसत नव्हते, म्हणून तात्यांनी कंदील जवळ आणून धरला.

आपणही रागाच्या भरात कधी कोणाला शोधायला निघालो, तर हातातला उजेड आधी त्याच्या पावलांवर पडू द्यावा.