अध्यक्षांची खोली सोडून

आमच्या वाचक क्लबातल्या दाजी मोघ्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून सुलभाताई त्यांना रोज तिथे पेपर वाचून दाखवायच्या. अध्यक्ष अप्पासाहेब निंबकरांना तो आवाज खपेना. त्यांनी सभेत ठराव आणला : ‘क्लबात कोणीही मोठ्याने वाचू नये.’

परदेशातून नुकताच शिकून आलेला मी तावातावाने उठलो. “माझी उपसूचना! ‘वाचू नये’ऐवजी ‘वाचावे’ म्हणा.”

“हा विरोध झाला, उपसूचना नव्हे,” अप्पासाहेब म्हणाले. “ठराव उलटा करता येत नाही. एवढं शिकलात, नियमही शिका!”

सभा हसली. दाजी काठी चाचपत म्हणाले, “राहू दे रे. घरी रेडिओ आहे.”

तेव्हा सुलभाताई उठल्या. “मी ठरावातला एकही शब्द काढत नाही. सुरुवातीला फक्त एवढं जोडा : ‘अध्यक्षांची खोली सोडून’.”

ती खोली वर्षभर कुलपात असे. आत गालिचा, पंखा आणि आरामखुर्ची.

“माझी खोली?” अप्पासाहेब ओरडले.

“पाटी तुमची आहे, अप्पासाहेब. खोली क्लबाची.”

उपसूचना नियमात बसत होती, म्हणून मताला टाकावीच लागली. शांतता हवी असणारे आणि दाजी, दोघांचंही त्यात भागत होतं. हात वर होऊ लागले.

“किती गं?” दाजींनी विचारलं.

“सगळे, दाजी. एक सोडून.”

“मग त्यांना सांग, उद्या अग्रलेख ऐकायला या म्हणावं. खोली त्यांचीही आहे.”