पल्याडच्या धुराची कहाणी

ऐक गं सटवाईबाई, तुझी कहाणी. नदीच्या अल्याड आटपाट नगर होतं, पल्याड डोंगरात एक पाडा होता. एका कुंभाराला दोन लेकी होत्या. थोरली रंभा पाड्यावर दिली, धाकटी तुळसा नगरात दिली. दोघी एकाच दिवशी बाळंत झाल्या.

राजानं सुईण नेमली होती. तिनं काय करावं? अल्याडची, पल्याडची, बाळंतीण न् बाळंतीण पाहावी. तुळसाकडे पहिल्या दिवशी आली, नाडी पाहिली. तिसऱ्या दिवशी आली, अंग चोळलं. पाचव्या दिवशी आली, काढा पाजला. तुळसा जात्याच चौकस. सासू म्हणे, "बाळंतिणीनं इतकं बोलू नये, वारं शिरतं." तरी तिनं विचारलंच.

"सुईणबाई, सुईणबाई, माझ्या ताईला पाहिलंस?"

"पाहिलं. बरी आहे."

"कशावरून बरी?"

"घरातून धूर निघतो. शेगडी पेटलीय, म्हणजे बाळंतीण शेकते आहे."

"धूर कुठून पाहिलास?"

"काठावरनं. उतरायला नाव नाही, चढायला वाट नाही. पल्याडच्या सगळ्या मी अशाच पाहते."



त्या दिवशी पाचवी होती. पाटावर कोरा कागद मांडला, बोरू ठेवला. दिवेलागणीला एक म्हातारी आली. ती कोण? सटवाई. बाळाचं ललाट लिहू लागली. तुळसानं तिचा हात धरला. "आई, माझ्या नशिबी सुईण लिहिलीस, ताईच्या नशिबी धूर का गं लिहिलास?"

सटवाई म्हणाली, "मी बाळाचं लिहिते. बाळंतिणीचं तुम्हीच लिहिता."

"मग ते खोडता येतं?"

"येतं. वसा घे. पल्याडच्या बाळंतिणीला सुईणीचा हात लागेतो आपल्या अंगाला लावून घेऊ नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

दुसऱ्या दिवशी सुईण आली. तुळसा म्हणाली, "आधी ताईचं कपाळ बघ, मग माझं." सासू रागावली, सुईण रुसली, तुळसा हलली नाही. मग बापानं काय केलं? भाजलेली मडकी आणली, त्यांची तरंगती सांगड बांधली, सुईणीला पल्याड नेलं.

पाहते तो काय? शेगडी नाही, बाज नाही. रंभा चुलीपुढं भाकरी थापते आहे. कपाळाला हात लावला, तर तव्यासारखं तापलेलं.

"अगं, मग हा धूर?"

"चुलीचा, बाई. तिसऱ्या दिवसापासून मीच पेटवते. घरात दुसरं आहे कोण?"

सुईणीला रडू फुटलं. तिनं रंभेला निजवलं, औषध दिलं, तीन दिवस उशाशी बसली. ताप उतरला, रंभा वाचली. मग सुईण दारात आली. डोंगराकडे पाहिलं, तर आणखी सात धूर दिसले. तिनं पिशवी खांद्याला लावली नि चढू लागली.

जशी सुईण रंभेच्या दारी पोचली, तशी पल्याडच्या लेकीसुनांच्या दारी पोचो. ही साठां प्रश्नांची कहाणी पाचां उत्तरी सुफळ झाली.