गोजराचे घडे आणि शेटजींचं तूप

"मडकी? माझ्या बैलांवर मडकी?" मक्तेदार गुणाजीशेट एवढ्या जोरात हसले की तोंडातलं पान समोरच्या गोणीवर उडालं.

समोर गोजरा कुंभारीण उभी होती. घाटमाथ्यावरच्या गावांत घरोघरी तिचे घडे होते, आता नवे घेणार कोण? खाली बंदरावरचे व्यापारी मात्र चांगल्या घड्यांची वाट बघत बसले होते. मधे होता घाट, आणि घाटातून माल नेण्याचा मक्ता राजाने एकट्या गुणाजीशेटना देऊन टाकला होता. दुसऱ्या कोणी बैल भाड्याने द्यायचा नाही!

"हसा की, शेट. पर भाडं काय पडंल ते तर सांगा."

"भाडं आधी द्यायचं. किती, ते मी मागाहून सांगेन. फुटलं तर तुझं नशीब, हरवलं तर तुझं नशीब, उशीर झाला तर घाटाची चूक!"

"आन् नीट पोचलं तर?"

"तर माझे उपकार!"

ओसरीवरचे कारकून खो खो हसले. बिचाऱ्यांना पगार त्याचाच मिळत होता.

गोजरा तडक दरबारात गेली आणि तिने गाऱ्हाणं मांडलं. आता राजा कर्णदेवाला डोकं नव्हतं असं नाही. पण त्यात एकदा काही शिरलं की बाहेर पडायला वाट नव्हती. मक्ता देणं चुकलं, हे एका कुंभारणीकडून ऐकून घेईल तो राजा कसला!

"भाडं परवडत नाही काय? मग भाडं न देता ने!" राजा कडाडला. "होळी झाली की मी बंदरावर हवा खायला जाणार आहे. तिथे तुझे शंभर घडे मला दिसले पाहिजेत. भाड्याची कवडी द्यायची नाही, स्वतःचा बैल न्यायचा नाही, माणसाच्या डोक्यावरून न्यायचे नाहीत. एकाला जरी तडा गेला तरी तुझं चाक चुलीत, आणि तू जन्मभर मक्तेदाराच्या गोठ्यात शेण उचलायला!"

"आन् सगळं पोचलं तर, म्हाराज?"

"तर मागशील ते देईन!"

राजा हसला, म्हणून दरबार हसला. गुणाजीशेट तेवढे तिथे नव्हते. गरिबांच्या गाऱ्हाण्याच्या दिवशी त्यांचं नेमकं अंग दुखायचं. आणि दरबारी मंडळींना हा माणूस इतका नकोसा होता की झालेला प्रकार त्यांच्या कानावर घालायलाही कोणी गेलं नाही.

घरी येऊन गोजराने चाकाकडे पाहिलं. हे चाक गेलं तर आपण काय उरलो? रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी ती बाजारात गेली, तर शेटजींचा तांडा बंदराहून परतत होता. मागे मुंग्यांची ही लांब रांग! शेटजी स्वतःचं तूप कातडी बुधल्यांतून बंदरावर विकायला नेत, आणि उन्हाने बुधले वाटभर गळत. नवे बुधले घ्यायला शेटजींचा जीव होत नव्हता.

गोजरा तिथूनच वळली आणि शेटजींच्या ओसरीवर हजर झाली.

"शेट, माझं घडं नुसतं पडून हाईत. तुमचं तूप भरा की त्यांत! थेंब गळायचा न्हाई. बंदरावर तूप काढून घ्या आन् रिकामं घडं माझ्या हवाली करा."

"आणि त्याचे पैसे?"

"पैसं कशाला? फुकट!"

फुकट म्हटलं की शेटजींच्या डोक्यातलं उरलंसुरलंही बाहेर पडे. त्यांनी मनात हिशेब केला, तुपकट घडे बंदरावर कोण घेणार? ते परत वर आणायला या खुळीला बैल लागतीलच, तेव्हा पुरती सोलून काढू! ते गालातल्या गालात हसले आणि त्यांनी होकार दिला.

मग घाटाने जे पाहिलं ते आजवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांचा माल लाथेने सरकवणारे गुणाजीशेट बैलांमागे धापा टाकत पळत होते. "हळू रे! गवत घाल खाली! अरे, हळू चालव, तूप आहे त्यात!" एका खड्ड्यापाशी तर त्यांनी स्वतःचं उपरणं दोन घड्यांमध्ये कोंबलं. गोजरा मागून सावकाश चालत होती, हात हलवत.

बंदरावर तूप काढून झालं. राजाने शंभर घडे स्वतः वाजवून पाहिले. सगळे खणखणीत! राजाचं तोंड उतरलं. तेवढ्यात शेटजींना पैजेचं कळलं आणि ते थयथयाट करू लागले.

"फसवलं! महाराज, हिने माझ्या बैलांवरून फुकट माल आणला! माझं भाडं द्यायला लावा!"

राजाला तेवढंच हवं होतं. "बरोबर! भाडं द्यावंच लागेल, बाई. आणि भाडं दिलंस की तू हरलीस! शेट, दर बोला."

शेटजींना चेव आला. "नाजूक माल, महाराज! चारांतले तीन घडे माझे!"

"कबूल!" गोजरा हसून म्हणाली.

सगळे चमकले. ही हसतेय कशाला?

"पर म्हाराज, एक इचारू? शेटचं तूप घाटावरनं हितवर कशात आलं?"

"तुझ्या घड्यांत."

"म्हंजी शेटच्या बैलांनी माझं घडं वाहिलं, आन् माझ्या घड्यांनी शेटचं तूप वाहिलं. तूप तर घड्याहून नाजूक! तरी मी दर वाढवत न्हाई. शेटचाच धरा. चारांतलं तीन भाग तूप माझं! मोजा, शेट!"

गुणाजीशेट पांढरेफटक पडले. "महाराज... भाडं नको! मी कुठे मागितलं? मी मागितलंच नाही!"

राजाने एकदा शेटजींकडे पाहिलं, एकदा घड्यांकडे, आणि असा खदखदून हसला की मुकुट घरंगळून वाळूत पडला. या खेपेला दरबार आपणहून हसला.

"जिंकलीस, बाई! माग!"

"म्हाराज, मक्ता मोडा. ज्याला जमंल त्यानं बैल भाड्यानं द्यावा, ज्याला परवडंल त्यानं माल धाडावा."

"मोडला! आणि हे वीस बैल माझ्याकडून तुला. हाक तुझा तांडा!"