कॅमेरा आणि प्रीअँपची डबी

यंत्रं आपसांत बोलत असत त्या काळची गोष्ट. निरुपमा गावोगावची गाणी व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपून ठेवी. कॅमेऱ्याखाली प्रीअँपची छोटी डबी जोडलेली असे. माइकमधून येणारा बारीक आवाज ती मोठा आणि स्वच्छ करून कॅमेऱ्याला देई.

कॅमेऱ्याला ती नकोशी वाटे. "मला माझे कान आहेत," तो म्हणे. "तुझं ओझं मी का वाहू?"

"बारीक आवाज तुला एकट्याला पकडता येत नाही," डबी सांगे.

एकदा निरुपमा डोंगरातल्या कातकरी वाडीवर गेली. लग्नातलं एक जुनं गाणं आता फक्त नव्वदीच्या बायजा हिलमला येत होतं. तिचा आवाज पार खोल गेला होता. तिने गायला सुरुवात करताच कॅमेऱ्याने अंग हिसडलं आणि डबीची वायर निसटली. गाण्यात गुंगलेल्या निरुपमाला ते कळलं नाही.

महिन्याभरात बायजा वारली. निरुपमाने वाडीवर पडदा लावला. "आवाज नीट आला नाही," ती मान खाली घालून म्हणाली, "चेहरा तरी बघा."

चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. ओठ हलत होते. ऐकू येत होती ती नुसती खरखर.

बायजाची मुलगी उठली आणि पडद्याला कान लावून उभी राहिली.

"आई काय म्हणतेय?" तिने विचारलं.

कॅमेऱ्याला ते सांगता येईना.