होल्याचे दोन सूर

फार जुनी गोष्ट. तेव्हा पाखरं आपापली गाणी स्वतः रचत. साळुंकीच्या गाण्यात इतक्या हरकती की ते तिच्याशिवाय कुणालाच जमत नसे. होल्याचं गाणं मात्र साऱ्या रानाच्या तोंडी बसलेलं. "दोन सूर, तेही तेच तेच! त्यात कसली आलीय अक्कल?" ती फणकारायची.

एका पहाटे सगळे मिळून उडत असताना दाट धुकं उतरलं आणि थवा दिसेनासा झाला. घाबरून साळुंकीने आपलं गाणं म्हटलं. कुणाचीच साथ आली नाही. कुणाला पाठ असेल तर ना! शेवटी तिने चोरट्या आवाजात होल्याचे दोन सूर लावले. चहूकडून तेच सूर परत आले.

थवा सापडला, तरी तिला चैन पडेना.

"आता काय झालं, साळूताई?" होल्याने विचारलं.

"इतकं सोपं," ती चिडून म्हणाली, "मला का नाही सुचलं?"