राजाच्या डोक्यातली भिंत

फार वर्षांमागे एक राजा होता. पण ही गोष्ट त्याची नाही, त्याच्या डोक्यात राहणाऱ्यांची आहे. हसू नका. तुमच्या-माझ्या डोक्यातही ते राहतात.

त्यांची दोन घराणी होती. निरोपे आणि राखणदार. निरोपे आपले लांब हात पसरून निरोप पोचवायचे. राखणदार त्यांना भरवायचे, त्यांच्या वाटा झाडायचे. राजा छान बोलला की कौतुक निरोप्यांचं व्हायचं. राखणदारांना कुणी विचारत नसे.

एका निरोप्याकडे एकच काम होतं. राजाला लेक दिसली की 'शेवंती' हे तिचं नाव राजाच्या जिभेपर्यंत पोचवायचं. रोज सकाळी राजा हाक मारायचा आणि शेवंती धावत यायची.

एके दिवशी राजा घोड्यावरून पडला. डोकं दगडावर आपटलं आणि आत आग भडकली. निरोप्याचा हात मधोमध तुटला.

राखणदार धावले. एरवीची ही सडपातळ माणसं, पण त्या दिवशी अंगानं दुप्पट झाली. काहींनी ढिगारा उपसला. बाकीच्यांनी हातात हात गुंफून जखमेभोवती स्वतःचीच भिंत उभी केली. आग पुढे सरकली नाही. राजा वाचला. खरं सांगतो, त्यांनी कमाल केली.

महिने गेले. निरोप्याच्या तुटक्या हाताला नवा कोंब फुटला. चाचपडत तो भिंतीपाशी आला.

"दादा, वाट द्या. पलीकडे जीभ आहे. नाव पोचवायचंय."

"आग विझली का?" म्हाताऱ्या राखणदारानं विचारलं.

"कधीच विझली असेल."

"असेल म्हणून चालत नाही, बाबा. पलीकडून तसा निरोप येऊ दे, मग उघडू."

"पण निरोप आणणारे आम्हीच ना? आम्हाला सोडल्याशिवाय तो येणार कसा?"

हे म्हाताऱ्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग त्यानं शेजाऱ्याचा हात आणखी घट्ट धरला. "आम्ही हात सोडले नाहीत म्हणून राजा जगला," तो म्हणाला.

आग पहिल्या आठवड्यातच विझली होती. भिंतीआड फक्त राख होती.

निरोप्या रोज यायचा. पुढे अधूनमधून येऊ लागला. मग त्याचा हात वाळून गेला.

बाहेर शेवंती बापासमोर बसायची. "आबा, मला हाक मारा ना." राजा तिला ओळखायचा. डोळे भरून यायचे, ओठ हलायचे. नाव काही यायचं नाही.

तिचं लग्न झालं. पाठवणीला राजा वेशीपर्यंत चालत गेला. वळणावर तिनं पालखी थांबवली आणि मागे वळून पाहिलं. आता तरी आबा हाक मारतील, असं तिला वाटत होतं. राजानं तोंड उघडलं. ती बराच वेळ थांबली. मग पालखी निघून गेली.

त्याच वेळी आत राखणदार एकमेकांना सांगत होते, "बघा, आजही आग इकडे आली नाही."

संकटात उभारलेली भिंत संकट सरल्यावर उघडली नाही, तर जिनं जीव वाचवला तीच जगणं अडवते.