परतीचा बिल्ला

फार पूर्वी, किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात, तटबंदी असलेलं एक बेट होतं. बेट सुखी होतं, त्यामुळे दूरदूरची माणसं तिथं राहायला यायची आणि तिथलीच होऊन जायची. अशा माणसांची एक आळीच वसली होती. त्यांच्या कायम राहण्याला कुणाची ना नव्हती. नियम एकच होता. बेटाबाहेर जायचं तर निघण्याआधी चावडीवरून परतीचा बिल्ला घ्यायचा, म्हणजे येताना दरवाजा उघडतो. बिल्ला हवा असेल तर आळीतल्या शेजाऱ्यानं सोबत उभं राहून सांगायचं, "ही आमची आहे, ही परत येणार." नातलग चालत नसे. घरची माणसं मायेपोटी काहीही सांगतात, हे बेटाच्या कारभाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या आळीत एक कासारीण राहायची. मोठी बोलकी बाई! बांगड्या भरताना समोरचीला गप्पांत अशी गुंतवायची की हात कधी दाबला आणि बांगडी कधी चढली, कळायचंही नाही. एका सकाळी पलीकडच्या किनाऱ्यावरून निरोप आला. तिच्या बहिणीच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि नवरीचा हिरवा चुडा मावशीच्याच हातून भरायचा होता.

झालं! कासारणीच्या पायाला भिंगरी लागली. बांगड्यांची टोपली भरली, नवी साडी बांधून घेतली. लेकीला नुकताच गोवर येऊन गेला होता, म्हणून तिला बापाजवळ ठेवलं, दोघांना बजावायचं ते बजावलं आणि बाईसाहेब धावतच धक्क्याकडे निघाल्या. वाटेत शेजारची कुंभारीण आडवी आली.

"अगं, बिल्ला घेतलास का? चल, मी येते चावडीवर तुझ्याबरोबर."

"तिथली रांग पाहिलीस का? होडी सुटली तर चुडा कोण भरणार? आणि मला कोण अडवणार गं? या बेटावरचा एक तरी हात दाखव, ज्यात माझी बांगडी नाही!"

"कारभाऱ्यांचा," कुंभारीण म्हणाली.

पण ऐकायला कासारीण थांबली होती कुठं? ती होडीत जाऊन बसलीसुद्धा.

लग्न काय थाटाचं झालं म्हणता! कासारणीनं भाचीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत चुडा भरला. एकही बांगडी पिचली नाही. बहिणी गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. चार दिवसांनी कासारीण परत निघाली, ती लेकीला काय काय सांगायचं याची मनात उजळणी करतच. बेटाचा तट दिसला तशी ती होडीत उभीच राहिली. नावाड्यानं दरडावून खाली बसवली तेव्हा बसली.

धक्क्यावर उतरून तिनं दरवाजा ठोठावला. पहाऱ्यावरचा जवान तिच्याच आळीतला होता. त्यानं झरोक्यातून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"आलात मावशी! बिल्ला दाखवा."

"अरे, मला ओळखत नाहीस का तू?"

"ओळखतो की. पण बिल्ला?"

कासारणीचा हात गळ्याकडे गेला, पण तिथं बिल्ला कुठला! तेवढ्यात आतून आवाज आला, "आई! आई आली का?" लेक रोज संध्याकाळी बापाचं बोट धरून दरवाज्याशी येऊन बसायची. आईचा आवाज ओळखून ती फळ्यांवर हात आपटायला लागली.

जवानाला राहवेना. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दिंडी दरवाज्याची कडी हळूच काढली. "मावशी, मी तोंड फिरवतो. पटकन आत या."

कासारणीनं एक पाय उंबऱ्यावर ठेवला. तिला लेकीचा परकर दिसला. दोन पावलं टाकली की झालं! आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं ते तिनं विचारलं.

"आणि उद्या तुला कुणी जाब विचारला तर?"

जवानही बाहेरूनच आलेला. नियम मोडला तर त्याला बायकापोरांसकट होडीत बसवून बेटावरून घालवलं असतं.

कासारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पाय मागं घेतला. "लाव दार. चूक माझी आहे, ती तुझ्या गळ्यात कशाला?" मग तिनं फटीतून लेकीला हाक मारली, "बाळा, कुंभारीणकाकूला सांग, तिचं ऐकलं नाही म्हणून आई बाहेर राहिली!"

कडी लागली न लागली तोच आतून कारभाऱ्यांचा आवाज आला. ते पहारा तपासायला आले होते. त्यांनी दिंडी दरवाजा हलवून पाहिला. बंद होता. बाहेर कासारणीनं ते ऐकलं आणि टोपली उशाला घेऊन ती रात्रीपुरती धक्क्यावरच आडवी झाली.

सकाळी दरवाजा उघडला आणि कुंभारीण तरातरा बाहेर आली. गळ्यात तिचा स्वतःचा बिल्ला होता. बाहेर राहिलेल्यालाही बिल्ला मिळे, पण कासारणीसाठी साक्ष द्यायची तर तिच्याशेजारी बाहेर उभं राहायला हवं, आणि बाहेर यायचं तर कुंभारणीलाही बिल्ला हवा! म्हणून मडकी भाजायचा पेटलेला आवा आळीच्या भरवशावर टाकून ती पहाटेपासून चावडीवर उभी होती.

"माझी निम्मी मडकी कच्ची राहिली आज," ती म्हणाली आणि कासारणीला तिनं घट्ट मिठी मारली.

मागोमाग कारभारी आले. त्यांनी रीतीप्रमाणे कुंभारणीला विचारलं, "काय सांगायचंय?"

"ही आमची आहे, ही परत येणार," कुंभारीण ठसक्यात म्हणाली. "येणार काय, आलीय! बघा की!"

जवानाला हसू आवरेना. कारभारी मात्र हसले नाहीत. बिल्ला देताना एक प्रश्न विचारायची रीत होती, मग माणूस तटाच्या आत असो की बाहेर. त्यांनी बिल्ला पुढं केला आणि विचारलं,

"कुठं चाललात?"

कासारणीनं उघड्या दरवाज्यातून धावत येणाऱ्या लेकीकडे पाहिलं.

"घरी," ती म्हणाली.

यातून घ्यायचं तात्पर्य: घर सोडताना आनंदाच्या भरातही परतीची सोय आधी करावी, आणि ती करायची राहिलीच, तर त्या चुकीची किंमत आपल्यावर माया करणाऱ्याला मोजायला लावू नये.